पोर्शे ९१४ मध्ये माझदाचं १३बी बसवायचंय? आधी पाण्याचं बघा

इंजिन बसेल का, ही काळजी करूच नका. १३बी हे माझदाचं रोटरी इंजिन, म्हणजे पिस्टनऐवजी तिकोनी रोटर फिरणारं. दोन रोटरचं, एवढुसं आखूड आहे, आणि ९१४ चं इंजिन सीटमागेच असतं, तिथे आरामात मावतं. आणि मूळचं चार सिलिंडरचं इंजिन ज्या दिशेने फिरायचं त्याच दिशेने हेही फिरतं, त्यामुळे गिअरबॉक्स उघडून क्राउन व्हील (चाकांकडे ताकद नेणारं मोठं दातेरी चक्र) उलटं करायची भानगड नाही, नाहीतर पाच रिव्हर्स आणि एक फॉरवर्ड गिअर मिळाला असता. खरी मारामारी आहे ती उष्णतेशी, कारण मूळ गाडी एअर-कूल्ड, म्हणजे तिच्यात ना रेडिएटर, ना पाण्याचा पाइप, ना पाण्याच्या टेम्परेचरचा काटा, आणि आपण तिच्यात टाकतोय जगातल्या सगळ्यात गरम डोक्याच्या इंजिनांपैकी एक.

आधी गाडी. ९१४ १९६९ ते १९७६ बनली. कॅलिफोर्नियात असाल तर १९७५ किंवा त्याआधीचं मॉडेल बघा, त्याला स्मॉग टेस्ट (धुराची सरकारी तपासणी) नाही. आणि शक्यतो १९७३ नंतरची घ्या, कारण तिचा गिअरबॉक्स साइड-शिफ्टर आहे, म्हणजे गिअरचा रॉड त्याला बाजूने जोडलेला, आधीच्या टेल-शिफ्टरमध्ये, म्हणजे मागच्या टोकाने जोडलेल्यात, गिअर शोधत बसावं लागतं. मग बॉनेट, रंग, सीटा काही बघू नका, सरळ इंजिनच्या कप्प्यात उजवीकडे बॅटरीचा ट्रे बघा. तिथलं ॲसिड वर्षानुवर्षं खाली गळतं आणि ट्रे, त्याखालचा लाँगिट्यूडिनल (सांगाड्याचा बाजूचा लांब बीम), शेवटी सस्पेन्शनचं माउंटिंग असं सगळं खात जातं. अमेरिकेतले ९१४ वाले त्या जागेला ‘हेल होल’ म्हणतात. स्क्रूड्रायव्हरने टोचा, टणटण वाजला तर ठीक, आत गेला तर विकणारा कितीही "वरवरचा गंज आहे" म्हणू दे, आधी वेल्डिंगचा खर्च धरा आणि मगच भाव करा. गंजलेल्या सांगाड्यावर ताकद वाढवण्यात काही अर्थ नाही.

इंजिन कुठलं? माझं मत विचाराल तर दुसऱ्या पिढीच्या आरएक्स-७ चं, म्हणजे एफसीचं, बिनटर्बो १३बी. १९८६ च्या अमेरिकन मॉडेलला १४६ हॉर्सपॉवर होते आणि ९१४ चं पहिलं १.७ लिटरचं इंजिन ८० च द्यायचं, म्हणजे जवळपास दुप्पट. टर्बोचा मोह सगळ्यांनाच होतो पण त्याने उष्णता वाढते, गिअरबॉक्सवर ताण येतो आणि बजेट तर विचारूच नका.

विकत घेण्याआधी कॉम्प्रेशन, म्हणजे इंजिन आतली हवा किती दाबतं ते, बघायचंच. रोटरीचं खास टेस्टर नसेल तर साध्या गेजमधला चेक व्हॉल्व्ह (दाब अडवून धरणारी झडप) काढा, खालच्या म्हणजे लीडिंग प्लगच्या भोकात लावा आणि स्टार्टर मारा. काटा एकसारख्या तीन-तीन उड्या मारत राहिला पाहिजे, रोटरच्या तीन बाजूंच्या तीन. एखादी उडी दरवेळी बुटकी पडली तर रोटरचं एखादं सील गेलंय, ते इंजिन तिथेच सोडून निघा.

जोडायला ॲडॅप्टर प्लेट लागते, कॅलिफोर्नियातली केनेडी इंजिनीअर्ड प्रॉडक्ट्स माझदा रोटरी आणि पोर्शे गिअरबॉक्स जोडणाऱ्या प्लेट बनवते. फ्लायव्हील, क्लच आणि प्लेट एकाच ठिकाणाहून घ्या म्हणजे पोर्शेचा स्टार्टर दातांना नीट लागेल. रोटरीचं मागचं काउंटरवेट (तोल सांभाळणारं वजन) विसरू नका, ते माझदाच्या मॅन्युअल फ्लायव्हीलमध्येच असतं, दुसरं फ्लायव्हील लावलं तर वेगळं लावावं लागतं, नाहीतर इंजिन थरथरून स्वतःचं वाटोळं करून घेईल. फ्लायव्हीलचा नट ५४ मिमीचा आणि टॉर्क साधारण ४०० ते ४९० न्यूटन मीटर, म्हणजे लांब पाइप आणि दोन माणसं. इंजिन-गिअरबॉक्स एकत्र जोडून गाडीखालूनच वर चढवायचं. पट्टे फायरवॉलकडे येतात, तर अल्टरनेटरच्या बोल्टपर्यंत हात जातोय ना ते माउंट वेल्ड करायच्या आधी बघा.

आता पाणी. रेडिएटर पुढे, स्पेअर व्हीलच्या जागी, मोठा ॲल्युमिनियमचा. हवा आत घेणं सोपं असतं, बाहेर काढायलाच लोक विसरतात, आणि हवा पुढच्या डिकीत कोंडली की कितीही मोठा रेडिएटर शोभेचा. म्हणून त्याच्या मागे पत्रा कापून चाकांच्या कमानीत किंवा खाली वाट द्या आणि रेडिएटरच्या कडा फोमने बंद करा. पाइप गाडीच्या खालून, स्टीलचे किंवा ॲल्युमिनियमचे, रबर फक्त टोकांना. एवढ्या लांबीत हवा अडकतेच, म्हणून रेडिएटरच्या सगळ्यात वरच्या कोपऱ्यात ब्लीड स्क्रू (अडकलेली हवा सोडायला), गाडीचं नाक जॅकवर उंच आणि पाणी हळूहळू. एकदा जरी जबर ओव्हरहीट झालं तर हाउसिंगमधले रबरी कूलंट सील जातात आणि पूर्ण इंजिन उघडावं लागतं, म्हणून पाण्याचा गेज चांगल्या कंपनीचा घ्या.

रोटरीत बरीच उष्णता तेलातूनही जाते, त्यामुळे ऑइल कूलर हवाच हवा, एफसीचा मूळ कूलर उत्तम. पुढे न्यायचा तर होज एएन-१० (होजच्या जाडीचं माप) पेक्षा बारीक नको.

बाकी वायरिंग स्टँडअलोन ईसीयू (इंजिन चालवणारा स्वतंत्र कॉम्प्युटर) लावून सुटसुटीत होतं, त्यावर फार लिहीत नाही. फ्युएल लाइन मात्र बदला, टनेलमधल्या मूळ प्लॅस्टिकच्या नळ्या आता पन्नास वर्षांच्या झाल्यात. एक्झॉस्ट जाड स्टेनलेसचा, हीट शील्डसकट. आणि हो, मूळ हीटर एक्झॉस्टच्या उष्णतेवर चालायचा, तो गेला, थंडीच्या गावात राहत असाल तर पाण्यावरचा छोटा हीटर आत्ताच बसवून टाका.

ऑइल इंजेक्शन (रोटरच्या सीलांना थोडं थोडं तेल देणारी यंत्रणा) काढलं असेल तर दर लिटर पेट्रोलमागे साधारण ८ मिली टू-स्ट्रोक ऑइल टाका. आणि पार्किंगमध्ये गाडी दोन फूट पुढे घ्यायची असेल तर ढकला, थंड रोटरी चालू करून लगेच बंद केली की फ्लड होते, म्हणजे आत पेट्रोल साचून प्लग भिजतात, आणि मग प्लग काढून वाळवत बसा.