सह्याद्रीत हातातला जीपीएस : कोणता घ्यावा, कसा लावावा, कुठे फसवतो

हातात धरायच्या जीपीएसच्या खोक्यावर गुणांची यादी लांबलचक असते. नकाशा, होकायंत्र, उंचीमापक, क्षेत्रफळ, सूर्योदय-सूर्यास्त, कॅमेरा, टॉर्च, शिवाय उपग्रहावरून संदेश. घाटवाटा आणि किल्ले फिरणाऱ्याच्या कामी यातली तीन-चारच येतात. त्यांचीही जुळणी नीट केली नसेल, तर यंत्र चुकीचं उत्तरही बरोबर उत्तराइतक्याच ठामपणे देतं.

आधी मोबाइलचा प्रश्न. उपग्रहांच्या एल-१ आणि एल-५ अशा दोन्ही लहरींवर चालणारे नवे फोन दरीत गार्मिन कंपनीच्या जुन्या ‘ईट्रेक्स’ यंत्रापेक्षा जास्त अचूक जागा दाखवू शकतात. म्हणून अचूकतेसाठी वेगळं यंत्र घेऊ नका. ते घ्यायचं ते पावसासाठी आणि सेलसाठी. धो-धो पावसात ओल्या बोटांनी टचस्क्रीन चालत नाही, बटणं चालतात. फोनची बॅटरी खोल दरीत टॉवर शोधण्यातच संपते. विमान मोड लावला तर ती वाचते आणि जीपीएस चालूही राहतो, पण रात्री मुक्कामी चार्जिंग कुठून आणणार? पेन्सिल सेल मात्र अंधारात, चाचपडतही बदलता येतात. उन्हाळ्यात राजगड, लोहगड, रायगड एवढंच करणार असाल तर फोन पुरे, पैसे वाचवा. पावसाळी भटकंती, अनवट घाटवाटा, दोन-तीन दिवसांची चाल असेल तरच या यंत्राचे पैसे वसूल होतात.

घेताना काय बघायचं

गार्मिनच्या ईट्रेक्स २२एक्स आणि ३२एक्समधला फरक समजून घेतला की बाकीची मॉडेलंही कळतात. दोन्हींना दोन पेन्सिल सेल लागतात, दोन्हींचा पडदा २.२ इंची. कंपनीच्या म्हणण्यानुसार सेल २५ तास चालतात, पण पडद्याचा दिवा सतत लावला तर तेवढी अपेक्षा ठेवू नका. ३२एक्समध्ये हवेच्या दाबावर चालणारं उंचीमापक आणि चुंबकीय होकायंत्र जास्तीचं मिळतं. २२एक्सला तुम्ही चालत असतानाच दिशा कळते. उभे राहिलात की बाण भरकटतो, कारण ते यंत्र आधीची आणि आताची जागा ताडून दिशा काढतं. धुक्यात फाट्यावर थांबून दिशा बघायची सवय असेल तर ३२एक्स घ्या, नाहीतर २२एक्ससोबत साधं होकायंत्र ठेवा. दुसरा पर्याय स्वस्तही पडतो आणि त्यात सेल संपायची भीतीही नाही.

अँटेनाचा आकार बघून घ्या. ईट्रेक्सची अँटेना सपाट असते, म्हणून यंत्र आकाशाकडे तोंड करून आडवं धरायचं. जीपीएसमॅप ६४ किंवा ६५ च्या डोक्यावर ठोंब असतो, तो उभा धरायचा. खिशात किंवा सॅकच्या तळाशी टाकलेलं यंत्र आकाशाचा अर्धा भाग गमावतं. सॅकच्या खांदापट्ट्यावर, वरच्या बाजूला अडकवणं सर्वांत बरं.

जुनं यंत्र विकत घेताना ते सुरू करा, आकाश दिसेल अशा जागी ठेवा आणि तारीख बघा. जीपीएसमधला आठवड्यांचा मोजक १०२४ आठवड्यांनी शून्यावर येतो आणि ६ एप्रिल २०१९ ला तो दुसऱ्यांदा शून्यावर आला. ज्या यंत्रांना हे झेपलं नाही ती आजही जवळपास वीस वर्षं मागची तारीख दाखवतात. जागा बरोबर येते, पण सूर्यास्ताची वेळ आणि ट्रॅकवरच्या, म्हणजे चाललेल्या वाटेच्या नोंदीतल्या तारखा विश्वासाच्या राहत नाहीत. सेलच्या झाकणाची रबरी कडा चिरलेली किंवा मातीने भरलेली असेल तर ‘आयपीएक्स ७’ या शिक्क्याला अर्थ उरत नाही. त्या शिक्क्याचा अर्थ एक मीटर पाण्यात अर्धा तास, तोही झाकणं घट्ट असतील तर. ईट्रेक्स पाण्यावर तरंगतही नाही, त्यामुळे ओढा ओलांडताना दोरीने अडकवलेलंच असू द्या.

एका सोयीबद्दल स्पष्ट बोललं पाहिजे. ‘इनरीच’सारखी यंत्रं इरिडियम उपग्रहांवरून संदेश आणि एसओएस पाठवतात. परदेशात ही सोय जीव वाचवते. भारतात दूरसंचार विभागाच्या परवानगीशिवाय असं यंत्र बाळगणं बेकायदा आहे, आणि ते सामानात सापडल्यामुळे परदेशी प्रवाशांना विमानतळांवर ताब्यात घेतल्याच्या घटना घडल्या आहेत. अमेरिकेहून येणाऱ्या भावाला किंवा मैत्रिणीला जीपीएस आणायला सांगताना मॉडेलच्या नावात ‘आय’ किंवा ‘इनरीच’ नाही ना, हे आधी तपासा. त्यांना अडचणीत आणू नका.

घरी करायची जुळणी

सुरुवात सेलपासून करा. दोन हजार एमएएचच्या आसपासचे निकेल-मेटल हायड्राइड रिचार्जेबल सेल घ्या आणि सेटअपमध्ये ‘बॅटरी टाइप’ तोच निवडा. या सेलचा दाब १.२ व्होल्ट, अल्कलाइनचा १.५. प्रकार चुकीचा ठेवला तर भरलेला सेलही अर्धा दिसतो आणि इशारा भलत्या वेळी येतो. भिंतीवरच्या घड्याळातले स्वस्त सेल इथे चालत नाहीत, काही तासांतच मान टाकतात. दोन दिवसांच्या ट्रेकला यंत्रातले दोन आणि प्लास्टिकच्या डबीत चार, एवढे सेल ठेवा.

मग अक्षांश-रेखांशाची पद्धत. सगळ्या गटाने एकच ठरवावी, आणि बहुतेक फोन दशांश अंशात दाखवतात म्हणून तीच ठेवावी. गोंधळ इथेच होतो. १९.३८५६ अंश म्हणजे १९ अंश २३.१४ मिनिटं. तोच आकडा घाईत १९ अंश ३८.५६ मिनिटं असा भरला तर खूण सुमारे २८ किलोमीटर उत्तरेला जाऊन बसते. ११२ ला किंवा बचाव पथकाला जागा कळवतानाही आकड्यांसोबत ‘दशांश अंश’ हे शब्द सांगा आणि समोरच्याकडून आकडा परत वाचून घ्या.

डेटम, म्हणजे अक्षांश-रेखांश ज्या पायावर मोजतात तो, ‘डब्ल्यूजीएस ८४’ असू द्या. सर्व्हे ऑफ इंडियाच्या जुन्या टोपोशीटवरून (चढ-उतार दाखवणाऱ्या नकाशांवरून) आकडे काढत असाल तर त्या एव्हरेस्ट डेटमवर आहेत हे विसरू नका. फरक शंभरेक मीटरचा पडतो. पठारावर तो चालून जाईल, कड्यातल्या निसणीवर नाही.

ट्रॅकची नोंद ‘ऑटो’वर न सोडता स्वतः ठरवा. यंत्रात चालू ट्रॅकला दहा हजार बिंदूंची मर्यादा असेल तर दर पाच सेकंदांना एक या हिशेबाने जेमतेम १४ तास भरतात, दर दहा सेकंदांनी जवळपास २८ तास. दोन दिवसांच्या चालीला दहा सेकंद ठीक. भरलेला ट्रॅक आपोआप साठवणारं ‘ऑटो आर्काइव्ह’ चालू ठेवा, नाहीतर काही यंत्रं मर्यादा भरल्यावर सुरुवातीचा भागच पुसतात, आणि परतीला नेमका तोच लागतो.

‘रूटिंग’, म्हणजे मार्ग आखायची पद्धत, डायरेक्ट किंवा ऑफ रोडवर ठेवा. गाडीसाठीची पद्धत चालू राहिली तर खिंडीपलीकडचं गाव गाठायला यंत्र तुम्हाला डांबरी रस्त्याने अर्धा जिल्हा फिरवून आणतं.

नकाशासाठी ओपनस्ट्रीटमॅपवरून (लोकांनी मिळून बनवलेल्या मोफत नकाशावरून) बनवलेली आयएमजी फाइल फुकट मिळते. मेमरी कार्डावर ‘गार्मिन’ नावाच्या फोल्डरमध्ये ती ठेवायची, मग यंत्रात नकाशाच्या यादीत जाऊन चालू करायची. ट्रॅक आणि खुणांच्या जीपीएक्स फाइली ‘गार्मिन’मधल्याच ‘जीपीएक्स’ फोल्डरमध्ये जातात. एवढं झालं की घराबाहेर येऊन नकाशा खरोखर उमटतो का बघा. पायथ्याच्या गावात पोहोचल्यावर कोरा पडदा दिसला तर तिथे काही करता येत नाही.

पायथ्याला आणि वाटेवर

यंत्र बरेच महिने बंद असेल किंवा शेकडो किलोमीटर दूर नेलं असेल तर पहिल्यांदा जागा सापडायला वेळ लागतो. उपग्रहांचं पूर्ण पंचांग, म्हणजे कोणता उपग्रह कधी कुठे असेल याची यादी, उतरायला १२.५ मिनिटं लागतात. गावात चहा होईपर्यंत ते मोकळ्या अंगणात ठेवून द्या. उंचीसकट जागा कळायला किमान चार उपग्रह लागतात, पण पडद्यावर चार दिसले म्हणून लगेच निघू नका. अचूकतेचा आकडा पाच मीटरच्या आसपास स्थिरावू द्या.

मग जुना ट्रॅक पुसा, नवा सुरू करा आणि गावाची खूण नोंदवा. वाटेत प्रत्येक वळण नोंदवत बसायची गरज नाही. वाट फुटते ती जागा, ओढा ओलांडला तिथे, पाण्याचं टाकं, खिंडीचं तोंड, आणि जिथून पुढे खात्री वाटेनाशी झाली ती जागा, एवढं पुरतं. शेवटची खूण सर्वांत मोलाची, आणि तीच लोक करत नाहीत. ढोरवाटेने कारवीत शिरून चकवा लागला की परत यायला ठाम जागा एवढीच असते. नाव देताना ‘००४’ असं सोडू नका, ‘डावीकडे ओढा’ असं लिहा.

परतीला आलेल्या वाटेनेच मागे नेणारं ‘ट्रॅकबॅक’ वापरा, ‘गो टू’ नाही. ‘गो टू’चा बाण सरळ रेषेत दाखवतो, वाट दाखवत नाही. कोकणकड्यावर उभं राहून बेलपाड्याला ‘गो टू’ लावलं तर बाण कड्याच्या धारेपलीकडे जातो. आपल्या डोंगरात दोन बिंदूंमधलं नकाशावरचं अंतर आणि चालायचं अंतर यांचा मेळ बसतच नाही.

कुठे आणि का फसतो

नाळेत, घळीत, उंच कातळाच्या कुशीत. सांदण दरीसारख्या अरुंद फटीत डोक्यावर आकाशाची पट्टीच उरते. उपग्रह कमी दिसतात, आणि जे दिसतात त्यांचे संदेश भिंतीवर आपटून येतात. वाट लांब झाली की वेळ वाढतो, वेळ वाढला की यंत्र अंतर जास्त धरतं. मग पडद्यावर तुम्ही पलीकडच्या सोंडेवर उडी मारता. अशा जागी यंत्राकडे बघून वाट बदलू नका. मोकळ्यावर आल्यावरची जागाच खरी धरा. भीमाशंकरसारख्या दाट, ओल्या झाडीतही संदेश क्षीण होतो, पण तिथली चूक सहसा इतकी मोठी नसते.

नकाशावरच्या समोच्च (समान उंची जोडणाऱ्या) रेषांचं तसंच आहे. टोपोशीटवर त्या २० मीटरच्या अंतराने असतात. दोन पुरुष उंचीचा कातळटप्पा त्या दोन रेषांमध्ये सहज लपतो. फुकट मिळणाऱ्या नकाशांतल्या रेषा उपग्रहाने घेतलेल्या उंचीवरून काढलेल्या असतात आणि त्यात उभा कडा नुसता तीव्र उतार दिसतो. रेषा विरळ आहेत म्हणून उतरता येईल असं मानू नका.

उंचीचं गणित वेगळं. हवेच्या दाबावरचं उंचीमापक रोज जुळवावं लागतं. दाब साधारण एका हेक्टोपास्कलने उतरला की ते तुम्हाला आठ-नऊ मीटर वर गेल्याचं सांगतं. रेल्वे स्थानकाच्या पिवळ्या पाटीवर समुद्रसपाटीपासूनची उंची लिहिलेली असते, कसारा, इगतपुरी किंवा लोणावळ्याला उतरलात की तिथेच जुळवून घ्या. कळसूबाईच्या माथ्यावर असाल तर १६४६ मीटर भरा. मुक्कामी यंत्र न हलवता उंची वाढलेली दिसली तर दाब पडतोय, म्हणजे हवा बिघडण्याची शक्यता आहे. पण लगेच घाबरू नका. आपल्याकडे दाब रोज सकाळी आणि रात्री दहाच्या सुमारास चढतो, पहाटे आणि दुपारी चारला उतरतो, आणि त्यानेच वीस-पंचवीस मीटरचा झोल येतो. तुलना कालच्या त्याच वेळेशी करा.

फोनवरच्या काही ॲपमध्ये उंची साठ-सत्तर मीटर कमी दिसते. तो बिघाड नाही. ते ॲप समुद्रसपाटीपासून न मोजता जीपीएसच्या गणिती गोलापासून मोजतं, आणि आपल्या भागात समुद्रसपाटी त्या गोलाच्या तेवढी खाली आहे.

यंत्रातलं होकायंत्र सेल बदलल्यावर प्रत्येक वेळी फिरवून जुळवा. महाराष्ट्रात चुंबकीय आणि खऱ्या उत्तरेतला फरक एका अंशाच्या आतच असतो, म्हणून तो विसरलात तरी चालेल. मात्र काळ्या कातळाला टेकवून वाचन घेऊ नका. आपल्या बेसॉल्टमध्ये मॅग्नेटाइट असतं आणि सुई हलते. दोन पावलं दूर जाऊन पुन्हा बघा.

दुसऱ्याचा उतरवलेला ट्रॅक सर्वांत जास्त दगा देतो. तो मार्चमध्ये चाललेला असेल तर ऑगस्टमधला ओढा त्यात नाही. कुणी चुकून फिरलेली गिरकीही त्यात तशीच असते. संगणकावर बसून आखलेला ट्रॅक ओळखायला सोपा: बिंदू मोजके, रेषा सरळ, वेळेच्या नोंदी नाहीत. असा ट्रॅक पुसून टाका.

शेताचं क्षेत्रफळ

ही सोय खूप जण विचारतात. बांधावरून फिरलं की यंत्र क्षेत्रफळ सांगतं. ठिबकच्या नळ्या, बियाणं किंवा फवारणीच्या अंदाजाला मोठ्या रानासाठी ते चांगलं आहे. छोट्या तुकड्यावर चूक फुगते. रेषा सगळीकडून दोन मीटर बाहेर गेली, असा वाईटातला वाईट प्रसंग धरला तर पाच एकरांचे सव्वापाच होतात, पण दहा गुंठ्यांचे साडेबाराच्या वर जातात. बांधावरून सावकाश चाला, कोपऱ्यावर थांबा, दोन फेऱ्या मारा आणि दोन्ही आकडे जुळतात का बघा. हद्दीच्या वादात हा आकडा काढूच नका. त्याला भूमी अभिलेख कार्यालयाची मोजणीच लागते.

ट्रेकहून आल्यावर

झाकण उघडून सेल काढा, आतली ओल फडक्याने टिपा, रबरी कडेवरची माती पुसा आणि यंत्र रात्रभर पंख्याखाली उघडं ठेवा. हेअर ड्रायर किंवा तांदळाचा डबा नको. पडद्याच्या आत वाफ धरली असेल तर रबरी कड गेली असं समजा. सेल आत ठेवून यंत्र कपाटात टाकलं तर ते गळतात आणि पत्रा गंजतो. ट्रॅक संगणकावर उतरवून गिरक्या छाटा आणि फाइलच्या नावात वाट, महिना, वर्ष आणि चढ की उतार एवढं लिहा.