आधी गादी, मग यंत्र: दमेकऱ्याच्या खोलीतली हवा

घरात कुणाला दमा किंवा अ‍ॅलर्जीची सर्दी असल्याचं कळलं की पहिला प्रश्न ठरलेला असतो: एअर प्युरिफायर कुठला घेऊ? मला लहानपणापासून दमा आहे आणि तो माझ्या मुलीतही उतरलाय, त्यामुळे हा प्रश्न मला वरचेवर विचारला जातो. मी सांगते, यंत्राचं शेवटी बघू. आधी गादी बघा.

माणूस दिवसाचे सात-आठ तास अंथरुणात नाक खुपसून असतो. तिथेच धुळीतले माइट सगळ्यात जास्त सापडतात. हे जीव जेमतेम पाव मिलिमीटरचे, आपल्या अंगावरून गळणाऱ्या कातडीच्या कोंड्यावर जगणारे. ते चावत नाहीत. त्रास होतो तो मुख्यतः त्यांच्या विष्ठेतल्या प्रथिनांचा. घरातल्या धुळीच्या अ‍ॅलर्जीमागे हे माइट आहेत, हे नेदरलँड्समधल्या लायडनच्या संशोधकांनी 1964 मध्ये दाखवलं.

डोळ्यांनी बघायचं असेल तर रात्री खोलीतला दिवा घालवा, बॅटरीचा झोत आडवा धरा आणि उशीवर एकच थाप मारा. झोतात जी धूळ उसळते ती बराच वेळ खाली बसत नाही. माइट त्यात दिसणार नाहीत, पण कूस बदलताना आपण नेमकं काय श्वासात घेतो ते समजतं. मुलीला मी हे दाखवलं आणि तेव्हापासून चादर बदलताना ती स्वतःच खोलीबाहेर जाते.

तर गादी आणि उशी, दोन्हींना चहूबाजूंनी बंद होणारी, चेन असलेली, घट्ट विणीची माइटरोधक खोळ घाला. फक्त वरून अंथरायचं कव्हर उपयोगाचं नाही. चादरी, अभ्रे, पांघरुणं आठवड्यातून एकदा 60 अंश सेल्सिअसच्या पाण्यात धुवा. गार पाण्यात अ‍ॅलर्जी करणारा मळ बराच निघून जातो, पण जिवंत माइट कापडाला धरून राहतात. गरम पाणी न सोसणारी कापडी खेळणी पिशवीत बांधून एक दिवस फ्रीझरमध्ये ठेवा आणि नंतर धुवा. धुणं टाळू नका: थंडीने माइट मरतात, पण त्यांची घाण खेळण्यातच राहते. नुसती खोळ घालूनही भागत नाही. गालिचा, जाड पडदे, पलंगाखाली कोंबलेले जुने कपडे हे सगळं झोपायच्या खोलीतून हलवायला हवं.

दुसरी गोष्ट ओल. माइटना पाणी प्यावं लागत नाही, ते हवेतलीच वाफ शोषून घेतात. म्हणून खोलीतली आर्द्रता 50 टक्क्यांच्या खाली राहिली तर ते सुकत जातात. एक छोटं आर्द्रतामापक घ्या. ते खोलीच्या मध्यावर ठेवण्याऐवजी कपाटाच्या मागच्या भिंतीशी ठेवा. मधली हवा कोरडी वाटते तेव्हाही त्या कोपऱ्यात आकडा चढलेला असतो, आणि तिथेच काळे ठिपके उमटतात. कपाट भिंतीपासून वीतभर पुढे ओढा. भिजलेली वस्तू 24 ते 48 तासांत सुकवा, त्यापुढे बुरशी धरायला लागते. बुरशीवर रंग फासून काही होत नाही. गळणारा नळ, झिरपणारी भिंत आधी दुरुस्त करा, मग साबणाच्या पाण्याने घासून पूर्ण सुकवा. हे काम दमेकऱ्याने करू नये, दुसऱ्याने करावं आणि तेही मास्क लावून.

साफसफाईबद्दल मी फार आग्रही आहे. कोरडा झाडू मारला की बसलेली धूळ नाकाच्या उंचीवर येते. ओलं फडकं वापरा आणि वरून खाली या: आधी पंख्याची पाती, मग कपाटाचा माथा, शेवटी फरशी. व्हॅक्यूम क्लीनर हेपा, म्हणजे अगदी बारीक कण अडवणाऱ्या, फिल्टरचाच हवा. साध्यात बारीक धूळ मागच्या बाजूने पुन्हा खोलीत येते. ज्याला त्रास आहे त्याला तेवढा वेळ, आणि नंतरही किमान अर्धा तास, खोलीबाहेर ठेवा. घरात मांजर असेल तर एवढं पुरत नाही. मांजराचं अ‍ॅलर्जी करणारं प्रथिन म्हणजे अ‍ॅलर्जेन फारच बारीक कणांवर तासन्‌तास तरंगतं, आणि मांजर दुसरीकडे दिल्यावरही ते महिनोन्‌महिने घरात उरतं. निदान झोपायच्या खोलीचं दार त्याला कायम बंद ठेवा.

धुराला मात्र तडजोड नाही. सिगारेट बाल्कनीत ओढली तरी तो वास कपड्यांवरून आत येतोच. डासांची कॉइल, उदबत्ती, सुगंधी मेणबत्ती, एअर फ्रेशनर, सगळं बंद. गॅसच्या शेगडीतून नायट्रोजन डायऑक्साइड निघतो आणि तो श्वासनलिका चिडवतो. म्हणून एक्झॉस्ट फॅन शेगडी पेटवायच्या आधी लावा आणि विझवल्यावरही काही वेळ चालू ठेवा. ब्लीच आणि संडास साफ करायचं अ‍ॅसिड कधीही एकत्र करू नका, त्यातून क्लोरीन वायू निघतो.

खिडकी कधी उघडायची हे बाहेरच्या हवेवर ठरवा. पीएम 2.5, म्हणजे हवेतले 2.5 मायक्रॉनपर्यंतचे बारीक कण, यांसाठी जागतिक आरोग्य संघटनेची 2021 ची मर्यादा 24 तासांना सरासरी 15 मायक्रोग्रॅम प्रति घनमीटर आहे. आकडा त्याच्या कितीतरी वर असेल किंवा परागकणांचा मोसम असेल तेव्हा खिडक्या लावून घ्या. कुंड्या हौसेने ठेवा, पण हवा शुद्ध होईल म्हणून नको. झाडं हवा शुद्ध करतात असं दाखवणारा नासाचा 1989 चा तो प्रसिद्ध प्रयोग बंद पेटीतला होता, राहत्या घरातला नव्हता.

आता यंत्र. खरा हेपा फिल्टर 0.3 मायक्रॉनचे 99.97 टक्के कण अडवतो, पण वास आणि वायू अडवत नाही. वास आणि वायूंसाठी भरपूर कार्बन असलेला फिल्टर लागतो. विकत घेताना सीएडीआर बघा, म्हणजे यंत्र किती वेगाने स्वच्छ हवा देतं तो आकडा. बारा चौरस मीटरच्या, 2.7 मीटर उंचीच्या खोलीत सुमारे 32 घनमीटर हवा असते. ती तासाला पाच वेळा गाळायची तर 160 च्या आसपास सीएडीआर हवा, घनमीटर प्रति तास या मापात. हा आकडा सर्वांत वरच्या वेगाचा असतो आणि त्या आवाजात झोप लागत नाही, म्हणून थोडं मोठंच घ्या. ओझोन सोडणारं यंत्र फुकट मिळालं तरी नको, ओझोनने दमा बळावतो. प्युरिफायर झोपायच्या खोलीत, दार लावून, रात्रभर चालू ठेवा.

हे सगळं करताना डॉक्टरांनी दिलेला रोजचा इन्हेलर स्वतःच्या मनाने कमी करू नका. नेमकी कशाची अ‍ॅलर्जी आहे याची तपासणी करून घेतलीत तर नको ती कामं वाचतील. आणि धाप लागून वाक्य पुरं बोलता येत नसेल, ओठ निळसर दिसत असतील किंवा तातडीच्या इन्हेलरनेही आराम पडत नसेल, तर खिडक्या आणि यंत्रं बघत बसू नका, थेट रुग्णालय गाठा.