मिसाईलला टार्गेट 'दिसतं' असं इंटरव्ह्यूत बोलू नका, मी बोललोय

एमटेकला गायडन्स-कंट्रोल घेतलंय किंवा घ्यायचा विचार आहे त्यांच्यासाठी लिहितोय. प्रपोर्शनल नेव्हिगेशन, ऑटोपायलट हे तुम्हाला येतच असणार, ते सोडा. मी आपटलो ते त्याच्या आधीच्या पायरीवर.

पॅनलवर चार जण होते. फळ्यावर इक्वेशन्स धडाधड उतरवली, सगळे माना डोलावतायत, आणि तोवर कोपऱ्यात नुसता चहा पीत बसलेल्या सरांनी विचारलं, "समोर टँक आहे, पण लेझर शेजारच्या भिंतीवर पडलाय. मिसाईल कुठे जाईल?" मी छातीठोकपणे, "सीकर टँक ओळखेल ना सर." (सीकर म्हणजे मिसाईलच्या नाकातला डोळा.) सरांनी कप खाली ठेवला. "कशावरून ओळखेल?" संपलं.

तर नीट ऐका, हे मी दोनदा सांगणार आहे. लेझरवाल्या सीकरला टँक दिसत नाही, ठिपका दिसतो. विमानातून, हेलिकॉप्टरमधून नाहीतर जमिनीवरून कुणीतरी 1064 नॅनोमीटरचा, डोळ्याला न दिसणारा लेझर टार्गेटवर धरून ठेवतो, तो उजेड उसळून सीकरपर्यंत येतो, आत डिटेक्टरचे चार भाग, कुठल्या भागावर जास्त पडला त्यावरून ठिपका डावीकडे की वर एवढंच कळतं. लेझर ठरलेल्या कोडने लुकलुकतो म्हणून आपला ठिपका कुठला ते समजतं. बास, अक्कल एवढीच. ठिपका भिंतीवर तर मिसाईल भिंतीवर. मध्ये ढग आला की ठिपकाच गायब.

24 जून 1999 ला टायगर हिलवर मिराज 2000 ने टाकले ते लेझर-गायडेड बॉम्ब, मोटर नसलेले, पण डोळा हाच. तिथे टार्गेट शोधलं ते लायटनिंग पॉडच्या (विमानाखाली लावलेला कॅमेरा-लेझरचा डबा) स्क्रीनला डोळे लावून बसलेल्या माणसाने.

जीपीएसवाल्याची तर अजून गंमत, म्हणजे गंमत नाहीच खरं तर. तो काही बघतच नाही, दिलेल्या आकड्यांवर जातो. 7 मे 1999 ला बेलग्रेडमध्ये अमेरिकेच्या बी-2 बॉम्बर विमानाने टाकलेले जेडॅम, म्हणजे जीपीएसवर जाणारे बॉम्ब, दिलेल्या जागी बरोब्बर पडले, आणि ती जागा चीनची वकिलात निघाली. तिघं गेले. गायडन्सची चूक शून्य.

आपल्या हेलिनात, म्हणजे हेलिकॉप्टरवरून डागायच्या रणगाडाविरोधी मिसाईलमध्ये, इन्फ्रारेड इमेजिंग सीकर आहे, पण तिथेही फायर करायच्या आधी लॉक करून दिलं जातं, सीकर पुढे तोच उष्ण आकार धरून ठेवतो. ब्रिमस्टोन या ब्रिटिश मिसाईलचा मिलिमीटर-वेव्ह रडार स्वतः टार्गेट निवडू शकतो, पण कुठल्या पट्ट्यात बघायचं आणि काय शोधायचं हे आधी माणूसच भरतो.

हे मला कळलं नव्हतं कारण माझ्या सिम्युलेशनमध्ये टार्गेट म्हणजे एक्स-वाय-झेड, आयतं दिलेलं! त्या 'टॉप 100 प्रश्न' पीडीएफ डिलीट करा, स्पष्ट सांगतो. आणि पेपर छापायच्या घाईत असलेल्या गाइडपेक्षा लॅबमधल्या जुन्या टेक्निशियन काकांजवळ चहा घेऊन बसा. मला डिटेक्टर हातात घेऊन त्यांनीच दाखवला, पण तोवर इंटरव्ह्यू गेला होता.

घाबरू मात्र नका, एका येड्या उत्तराने करिअर बुडत नाही. पुढच्या ठिकाणी असाच प्रश्न आला तेव्हा मी आधी उलट विचारलं, "सर, लेझर कोण धरतंय?" नंतर कालमन फिल्टरवर अडकलोच, पण घेतलं त्यांनी.