सरकार अणुप्रकल्प बंद करते तेव्हा: कंपनीने भरपाईचा दावा कसा उभा करावा

अणुवीज बंद करण्याचा अधिकार सरकारला आहे की नाही, या वादात वीज कंपनीने फार वेळ घालवू नये. अधिकार आहे. जर्मनीच्या घटना न्यायालयाने ६ डिसेंबर २०१६ च्या निकालात अणुभट्ट्या बंद करण्याचा २०११ चा कायदा बहुतांशी वैध ठरवला. प्रश्न उरतो तो एवढाच, की या निर्णयामुळे बुडालेल्या पैशांपैकी कोणते वसूल होतात. हा विषय कोर्टात सर्वात जास्त लढला गेला तो जर्मनीत, म्हणून खालची उदाहरणे तिथली आहेत. दुसऱ्या देशात मुदती आणि न्यायालये बदलतील, कामाचा क्रम सहसा बदलत नाही.

आधी आदेशाला आव्हान, मग पैसे

जपानमधल्या फुकुशिमा अणुअपघातानंतर मार्च २०११ मध्ये जर्मन राज्यांनी जुन्या अणुभट्ट्या तीन महिने बंद ठेवण्याचे आदेश काढले. आरडब्ल्यूई या वीज कंपनीने तिच्या बिब्लिस प्रकल्पाच्या आदेशाविरुद्ध लगेच दावा लावला. हेसेनच्या उच्च प्रशासकीय न्यायालयाने फेब्रुवारी २०१३ मध्ये तो आदेश बेकायदा ठरवला. एक कारण अगदी साधे होते: आदेश काढण्याआधी कंपनीला म्हणणे मांडण्याची संधीच दिली नव्हती.

एऑन या दुसऱ्या वीज कंपनीने मात्र आदेशाला कोर्टात आव्हान दिले नाही आणि नंतर उंटरवेझर व इझार-१ या भट्ट्यांसाठी सुमारे ३८ कोटी युरो मागितले. हॅनोव्हरच्या न्यायालयाने जुलै २०१६ मध्ये दावा फेटाळला. कारण हे, की आदेशाविरुद्ध वेळेत दावा केला असता तर नुकसान टळले असते. जे टाळता येत होते ते सोसायचे आणि नंतर बिल सरकारला पाठवायचे, हे चालत नाही. बॉनच्या न्यायालयात एनबीडब्ल्यू या तिसऱ्या वीज कंपनीचेही तेच झाले.

म्हणून आदेश हातात पडताच पोचल्याची तारीख नोंदवा आणि त्याच दिवशी मुदत मोजायला लागा. जर्मनीत प्रशासकीय आदेशाविरुद्ध साधारण एक महिना मिळतो, कायद्याविरुद्ध घटना न्यायालयात जायला एक वर्ष. मंत्रालयाशी बोलणी चालू आहेत म्हणून मुदत थांबत नाही. कंपन्या इथेच सर्वात जास्त फसतात. भट्टी बंद करावीच लागली तर ‘अंडर प्रोटेस्ट’ (हक्क न सोडता, विरोध नोंदवून) असे लेखी कळवा, पण त्या पत्राला दाव्याचा पर्याय समजू नका.

काय मागता येते, काय नाही

सरकारने प्रकल्प स्वतःच्या ताब्यात घेतला नसेल, तर जर्मन कायद्यात ते संपादन ठरत नाही, मालमत्तेच्या वापरावरचा निर्बंध ठरतो. त्यामुळे ‘प्रकल्पाची पूर्ण किंमत द्या’ ही मागणी तिथे टिकली नाही. टिकल्या त्या दोन गोष्टी.

पहिली, न वापरता आलेला वीजकोटा. २००२ च्या कायद्याने प्रत्येक भट्टीला उरलेल्या उत्पादनाचा कोटा ठरवून दिला होता. म्युल्हाइम-केर्लिख या आधीच बंद पडलेल्या प्रकल्पाचा जुना दावा सोडण्याच्या बदल्यात आरडब्ल्यूईला १०७.२५ टेरावॅट-तासांचा (एक टेरावॅट-तास म्हणजे एक अब्ज युनिट) कोटा मिळाला होता. २०११ मध्ये प्रत्येक भट्टीला बंदीची ठाम तारीख लागली, आणि आरडब्ल्यूई व व्हॅटनफॉल ही स्वीडिश कंपनी यांना सगळा कोटा स्वतःच्या भट्ट्यांत संपवणे अशक्य झाले. याची भरपाई द्यावी लागली. उलट, २०१० च्या अखेरीस भट्ट्या चालवायला सरासरी १२ वर्षांची जी मुदतवाढ मिळाली होती, तिच्यातला बुडालेला नफा मिळाला नाही. फरक कशाचा? कोटा तडजोडीतून, काहीतरी सोडून मिळवलेला होता. मुदतवाढ सरकारने राजकीय निर्णयाने आपणहून दिली होती.

दुसरी, त्या मुदतवाढीवर विसंबून केलेला आणि वाया गेलेला खर्च. न्यायालयाने यासाठी २८ ऑक्टोबर २०१० ते १६ मार्च २०११ एवढीच खिडकी मान्य केली. म्हणजे प्रत्येक बिलामागे संचालक मंडळाचा ठराव, खरेदी आदेशाची तारीख, तो रद्द करायला लागलेला खर्च, आणि काम वाढीव वर्षांसाठीच होते याचा तांत्रिक पुरावा हवा. नेहमीची देखभाल या यादीत घुसवू नका. अशी दोन बिले सापडली की उरलेल्या यादीवरही संशय येतो.

कोट्याचा हिशेब करताना मालकीचा वाटा तपासा. व्हॅटनफॉलला ब्रुन्सब्युटेल भट्टीचा दोन तृतीयांश आणि क्रुमेल भट्टीचा निम्माच कोटा धरता आला. शेवटी भरपाईचा दर ठरला मेगावॅट-तासामागे ३३.२२ युरो.

दावा कोण करणार?

कंपनी जवळजवळ पूर्ण सरकारी मालकीची असेल तर मूलभूत हक्कांचा आधार डळमळीत असतो, कारण हे हक्क सरकारविरुद्ध असतात, सरकारचे नसतात. अशीच सरकारी मालकीची एनबीडब्ल्यू घटना न्यायालयात गेलीच नाही. व्हॅटनफॉल स्वीडिश सरकारची, तरी युरोपीय कायद्यामुळे अपवाद म्हणून तिला दाद मागता आली. तिने २०१२ मध्ये ऊर्जा सनद करार या परदेशी ऊर्जा-गुंतवणुकीला संरक्षण देणाऱ्या आंतरराष्ट्रीय कराराखाली लवादाकडेही धाव घेतली. तो रस्ता आता अरुंद आहे: युरोपीय न्यायालयाने २०२१ मध्ये सदस्य देशांमधल्या अशा लवादाला मनाई केली, आणि जर्मनी डिसेंबर २०२३ मध्ये करारातून बाहेर पडला. जुन्या गुंतवणुकीला करारात २० वर्षांचे संरक्षण आहे, पण ते युरोपीय संघाबाहेरच्या गुंतवणूकदाराच्याच खऱ्या कामाचे.

अणुइंधनावरचा कर मात्र वेगळा लढवा. ग्रॅममागे १४५ युरोंचा जर्मन कर २०१७ मध्ये मुळापासून रद्द झाला आणि भरलेले पैसे परत मिळाले.

तडजोड करताना

मार्च २०२१ मध्ये चार कंपन्यांना मिळून सुमारे २४२.८ कोटी युरो देण्याचे ठरले, त्यांत व्हॅटनफॉलचे १४२.५ कोटी. बदल्यात लवादासह सगळे दावे सोडावे लागले. मसुद्यात दोन गोष्टी पाहा. भट्टी पाडण्याचा खर्च कोणाचा, हे स्पष्ट लिहिलेले असावे: २०१७ मध्ये कंपन्यांनी सुमारे २४.१ अब्ज युरो निधीत भरून कचऱ्याच्या साठवणुकीची जबाबदारी सरकारकडे दिली, तरी पाडकाम आणि कचऱ्याचे पॅकिंग त्यांच्याकडेच राहिले. आणि भरपाई कोणाच्या मंजुरीवर अडलेली आहे ते वाचा. २०१८ चा भरपाई कायदा युरोपीय आयोगाच्या मंजुरीच्या अटीवर होता. आयोगाचे अनौपचारिक पत्र पुरेसे नाही, म्हणून कायदा लागूच झाला नव्हता, असे घटना न्यायालयाने २०२० मध्ये सांगितले. अशी अट असेल तर औपचारिक निर्णयाची प्रत हातात येईपर्यंत एकही दावा मागे घेऊ नका.