फायटेज शुद्ध करायला बसण्याआधी

गेल्या वेळी बॅसिलस सब्टिलिस या जिवाणूचं फायटेज (फायटेट तोडून त्यातलं फॉस्फेट सोडवणारं एन्झाइम) माझ्या हातून एका रात्रीत गेलं. संध्याकाळी डायलिसिसला (पातळ पडद्याच्या नळीत भरून, क्षार निघून जायला) लावलं, सकाळी अ‍ॅक्टिव्हिटी जवळजवळ शून्य. बफरमध्ये (पीएच स्थिर ठेवणाऱ्या द्रावणात) कॅल्शियम घालायचं राहिलं होतं. म्हणून सगळ्यात आधी कॅल्शियम क्लोराइडचं 1 मोलर द्रावण करा आणि बाटली डोळ्यांसमोर ठेवा. या एन्झाइमची घडी कॅल्शियमवरच टिकते.

जिवाणू वाढवायचं गव्हाच्या कोंड्याचं माध्यम, शेकर, सेंट्रिफ्यूज हे तुम्हाला माहीत आहे. माध्यमात जादा फॉस्फेट मात्र नको, एन्झाइम तयार होणंच दबतं. कॅल्शियम फायटेटच्या प्लेटवर जिवाणूभोवती दिसणाऱ्या पारदर्शक वलयावर भाळू नका. जिवाणूने सोडलेल्या आम्लानेही कॅल्शियम फायटेट विरघळतं.

काचसामान फॉस्फेटवाल्या साबणाने धुतलेलं असेल तर पुन्हा पातळ आम्लातून आणि डिस्टिल्ड पाण्यातून काढा. शेवटी मॉलिब्डेटने (फॉस्फेटबरोबर रंग देणाऱ्या रसायनाने) आपण मोजतो ते सुटलेलं फॉस्फेटच! त्यामुळे फॉस्फेट बफर कपाटातच राहू द्या. तो मोजणी बिघडवतो, वर कॅल्शियमही ओढून घेतो.

बफर ट्रिस या फॉस्फेट नसलेल्या रसायनाचा, त्यात 1 मिलिमोलर कॅल्शियम. अमोनियम सल्फेटने खाली बसवलेला प्रथिनांचा गाळ विरघळवायचा त्यात कॅल्शियम, डायलिसिसच्या प्रत्येक बदलात कॅल्शियम, प्रथिनं वेगळी करणाऱ्या कॉलमच्या दोन्ही बफरांत कॅल्शियम. बाटलीवर तसं लिहा, नुसतं 'ट्रिस' नको. मी तिथेच फसले. डायलिसिसची नळी ईडीटीएत (कॅल्शियम धरून ठेवणाऱ्या रसायनात) उकळली असेल तर भरपूर पाण्याने धुवा. प्रोटिएज इन्हिबिटरची (प्रथिनं तोडणारी एन्झाइमं रोखणारी) तयार गोळी घेताना ती ईडीटीए नसलेली आहे ना, ते वाचा. नाहीतर पीएमएसएफ हा इन्हिबिटर वापरा.

प्रत्येक टप्प्यावर थोडा नमुना बाजूला काढा. डायलिसिसच्या आधीचा तर काढाच, म्हणजे अ‍ॅक्टिव्हिटी कुठे गेली ते कळेल.

पुढे डीईएई (विद्युतभारावरून वेगळं करणारा कॉलम), जेल फिल्ट्रेशन (आकारावरून वेगळं करणारं), एसडीएस-पेज (शुद्धता दाखवणारं जेल) नेहमीसारखं. ब्लँकमध्ये (तुलनेच्या नळीत) टीसीए हे एन्झाइम थांबवणारं आम्ल आधी, एन्झाइम नंतर. तापमानाचा आलेख काढताना ट्रिसचा पीएच त्या-त्या तापमानाला लावा. 25 अंशांना 7.5 असलेला 60 ला साधारण 6.5 वर येतो. पीएचच्या आलेखासाठी सायट्रेट नको, तेही कॅल्शियम धरतं. केएम, व्हीमॅक्स (एन्झाइमची फायटेटशी ओढ आणि त्याचा कमाल वेग) शेवटी. ईडीटीएची चाचणी (कॅल्शियम काढून घेऊन पाहायची) वेगळ्या नळीत, वेगळ्या टिपने. उरलेलं एन्झाइम ग्लिसरॉल घालून उणे 20 ला, कॅल्शियमसकट.