हत्यारांचा नवा कॅटलॉग: वाट पाहताना, वाचताना आणि मागणी नोंदवताना

हाताने लाकूड घडवणाऱ्या माणसाला हत्यारांच्या नव्या कॅटलॉगची जी ओढ लागते, तिला केवळ खरेदीची हौस म्हणणे योग्य होणार नाही. कॅनडातील ओटावा येथे लेनर्ड ली यांनी १९७८ साली ‘ली व्हॅली’ ही टपालाने हत्यारे पाठवणारी कंपनी सुरू केली. हत्याराच्या चित्राशेजारी त्याची मापे, त्याचे पोलाद आणि त्याचा नेमका उपयोग सांगणाऱ्या तिच्या कॅटलॉगांनी उत्तर अमेरिकेतील अनेक हौशी कारागिरांना हत्यारांकडे पाहायला शिकवले. याच कंपनीची स्वतःच्या रचनेची हत्यारे ‘व्हेरिटास’ या नावाने ओळखली जातात. पुढे १९८१ साली अमेरिकेच्या मेन राज्यात थॉमस ली-नील्सन यांनी स्टॅन्ली या अमेरिकी हत्यार कंपनीच्या ९५ क्रमांकाच्या, फळीची कड काटकोनात तासणाऱ्या लहान रंध्याची स्वतःची आवृत्ती बनवायला घेतली आणि तेथूनच त्यांचा कारखाना उभा राहिला. आज पुण्यात घराच्या गच्चीवर काम करणारा असो वा न्यू जर्सीत गॅरेजमध्ये रंधा चालवणारा असो, हाताच्या हत्यारांची आवड असलेला मराठी माणूस याच पानांची वाट पाहतो. ती पाने हातात पडण्याआधी काय करावे, ती कशी वाचावीत आणि मागणी कशी नोंदवावी, हे येथे क्रमाने मांडले आहे.

वाट पाहण्याचा काळ हा माझ्या मते सर्वांत उपयोगी काळ आहे, कारण या दिवसांत आपली गरज आपणच ठरवू शकतो. एकदा सुंदर छायाचित्रे समोर आली की गरज ती छायाचित्रे ठरवू लागतात. म्हणून कामाच्या टेबलाजवळ एक वही ठेवावी आणि काम अडेल तेव्हा ते कोठे व कसे अडले, हे त्याच वेळी लिहावे. ‘चांगला रंधा हवा’ अशी नोंद निरुपयोगी असते. ‘शिसवीच्या फळीवर रंधा मारताना मधल्या भागातले तंतू उचकटतात’, ‘अर्ध्या इंची पटाशीने डव्हटेलच्या (पारव्याच्या शेपटीसारख्या पसरट सांध्याच्या) कोपऱ्यात शिरता येत नाही’, ‘टेबलाच्या फळ्यांच्या कडा जोडल्या की मध्ये फट राहते’ अशा नोंदी केल्या, तर त्यांतील प्रत्येक नोंद कॅटलॉगातील एखाद्या ठरावीक पानाकडे बोट दाखवते.

या नोंदींची छाननी करण्यापूर्वी हाताशी असलेल्या सर्व पात्यांना नीट धार लावावी. काम अडण्याची कारणे साधारणपणे तीन असतात, बोथट धार, हाताची अपुरी सवय आणि हत्याराची खरी मर्यादा. यांपैकी तिसऱ्याच कारणावर नवी खरेदी हा उपाय आहे. पटाशीची किंवा रंध्याच्या पात्याची पाठ, निदान धारेलगतचा भाग तरी, आधी पूर्ण सपाट करावा. त्यानंतर १००० ग्रिटच्या (ग्रिटचा आकडा जितका मोठा तितका दगड बारीक) पाणदगडावर धारेचा तिरका उतार घासावा आणि पाठीच्या बाजूला धारेच्या पूर्ण रुंदीभर बारीक कड वळलेली बोटाला जाणवेपर्यंत थांबू नये. मग ८००० ग्रिटच्या दगडावर दोन्ही बाजूंना झिलई आणावी. पाणदगड स्वतः झिजून खोलगट होतो, म्हणून तोही हिऱ्याच्या प्लेटवर वरचेवर सपाट करावा लागतो. एवढे करून पुन्हा त्याच फळीवर काम करून पाहिले, तर वहीतील बऱ्याच नोंदी खोडता येतात. ज्या उरतात, त्यांचीच यादी कॅटलॉगासाठी ठेवावी.

कॅटलॉग आल्यावर बहुतेकांचे हात प्रथम रंध्यांच्या पानाकडे वळतात आणि तेथे क्रमांकांची मालिका दिसते. हे क्रमांक लेनर्ड बेली या अमेरिकी रंधेकाराच्या रंध्यांपासून आले असून स्टॅन्ली कंपनीने १८६९ साली बेली यांचा व्यवसाय विकत घेतल्यानंतर ते सर्वत्र रूढ झाले. आज दुसऱ्या कंपन्याही तेच क्रमांक वापरतात, त्यामुळे ते एकदा लक्षात ठेवले की कोणताही कॅटलॉग वाचता येतो. ४ क्रमांकाचा रंधा साधारण ९ इंच लांब आणि २ इंच रुंद पात्याचा असतो व तो शेवटच्या सफाईसाठी वापरतात. ५ क्रमांकाचा १४ इंच लांब असून खडबडीत फळी ताळ्यावर आणण्यापासून अनेक कामे करतो. ७ क्रमांकाचा २२ इंच लांब असून लांब फळीची कड सरळ करण्यासाठी असतो. लांबीचे महत्त्व असे की, आखूड रंधा फळीच्या चढउतारांवरून तसाच चालत राहतो, तर लांब रंधा उंचवट्यांवर टेकून आधी तेच कापतो. वर सांगितलेली जोडातील फट ही म्हणूनच ४ क्रमांकाच्या महागड्या रंध्याने सहजी जाणार नाही, तेथे लांबीच हवी. मात्र जुन्या घडणीच्या ७ क्रमांकाच्या रंध्याचे वजनही साडेतीन किलोच्या पुढे जाते आणि परदेशातून मागवताना या वजनाचे पैसे वेगळे मोजावे लागतात, हेही त्याच वेळी वहीत लिहून ठेवावे.

रंध्याच्या वर्णनातील सर्वांत महत्त्वाचा आणि सर्वांत दुर्लक्षित आकडा म्हणजे कापण्याचा कोन. बेली पद्धतीच्या रंध्यात पाते ४५ अंशांवर टेकलेले असते आणि धारेचा उतार खालच्या बाजूला असतो. त्यामुळे तो उतार २५ अंशांचा घासला काय किंवा ३० अंशांचा घासला काय, लाकडाला भेटणारा कोन ४५ अंशांचाच राहतो. याउलट, उतार वरच्या बाजूला असणाऱ्या कमी कोनाच्या रंध्यात पाते साधारण १२ अंशांवर टेकते आणि त्यात धारेचा कोन मिळवावा लागतो. २५ अंशांच्या धारेने ३७ अंश होतात, ते फळीच्या टोकाकडचा आडवा छेद तासण्यासाठी उत्तम असतात. ३८ अंशांच्या धारेने ५० अंश आणि ५० अंशांच्या धारेने ६२ अंश होतात, ते उलटसुलट तंतूंच्या लाकडासाठी उपयोगी पडतात. म्हणजेच अशा एका रंध्यासाठी दुसरा रंधा न घेता दुसरे पाते घेतले तरी काम भागते, आणि कॅटलॉगात पात्यांची यादी रंध्यांच्या खाली बारीक अक्षरांत दिलेली असली तरी ती रंध्यांइतक्याच काळजीने वाचावी.

तंतू उचकटण्याच्या तक्रारीवर मात्र अधिक कोनाचा रंधा मागवण्याची घाई करू नये. बेली पद्धतीच्या रंध्यात पात्यावर जो चिपब्रेकर, म्हणजे छिलका मोडणारी धातूची पट्टी, बसवलेला असतो, त्याचा उपयोग अनेक जण केवळ पाते घट्ट धरण्यापुरता समजतात. जपानमधील यामागाता विद्यापीठातील काटो आणि कावाई या संशोधकांनी पात्याच्या धारेपाशी छिलका कसा सुटतो याचे अतिशय जवळून चित्रीकरण केले आणि त्यात असे स्पष्ट दिसले की, चिपब्रेकरची कड धारेच्या अगदी जवळ, म्हणजे मिलिमीटरच्या एक-दोन दशांशांवर आणली, तर वर येणारा छिलका तेथेच मोडून वळतो आणि लाकडाचे तंतू पुढे चिरत जाण्यापूर्वीच कापले जातात. त्यासाठी चिपब्रेकरची पुढची कड पात्यावर कोठेही फट न राहता बसली पाहिजे, तिचे टोक थोडे उभे घासलेले असले पाहिजे आणि रंध्याचे तोंड, म्हणजे तळातील पाते बाहेर येण्याची फट, छिलका अडकणार नाही इतके उघडे असले पाहिजे. शिसवीसारख्या उलटसुलट तंतूंच्या लाकडावर हा प्रयोग आपल्या जुन्या रंध्यानेच करावा. तो साधला तर यादीतील सर्वांत महाग ओळ खोडली जाते. कमी कोनाच्या रंध्यात चिपब्रेकर नसतो, त्यामुळे तेथे कोन वाढवणे आणि तोंड बारीक ठेवणे हेच मार्ग उरतात, हा फरकही निवड करताना मनात असावा.

पोलादाविषयीची अक्षरे पाहून गोंधळण्याचे कारण नाही. ओ-१ हे तेलात विझवून कठीण केले जाणारे पोलाद असून त्याला बारीक धार चटकन येते. ए-२ हवेत थंड होऊन कठीण होते, त्यात सुमारे ५ टक्के क्रोमियम असते, ते झिजेला जास्त वेळ तोंड देते, पण त्याची धार फार निमुळती ठेवली तर तिचे सूक्ष्म कण तुटतात, म्हणून ३० अंशांच्या आसपासचा कोन त्याला मानवतो. व्हेरिटासने २०१२ साली आणलेले पीएम-व्ही११ हे धातूच्या भुकटीपासून घडवलेले पोलाद असून धार टिकणे आणि धार लावण्यातील सोय या दोहोंचा मेळ घालण्याचा त्यात प्रयत्न आहे. आपल्याकडे या निवडीला एक खास कारण आहे. सागवानात सिलिका असते आणि ती धार लवकर खाते. जो प्रामुख्याने सागवानात काम करतो, त्याने झिजेला टिकणाऱ्या पोलादासाठी जास्त पैसे दिले तर ते वाया जात नाहीत. जो देवदारासारख्या मऊ लाकडात काम करतो आणि ज्याला धार लावायला आवडते, त्याला ओ-१ पुरेसे आहे, आणि मऊ लाकडाला लागणारी अतिशय बारीक धार त्यावर अधिक सहज येते.

करवतींच्या पानावर दोन गोष्टी पाहाव्यात. पहिली, दाते तंतूंच्या दिशेने कापण्यासाठी घडवले आहेत की तंतूंना आडवे कापण्यासाठी; डव्हटेल आणि कुसू (फळीच्या टोकाला घडवलेली, खाचेत बसणारी जीभ) यांचे बहुतेक काप तंतूंच्या दिशेने जातात, कुसवाच्या बुडाशी असलेल्या खांद्याचे काप आडवे जातात. दुसरी, एका इंचात मोजलेली संख्या दातांची आहे की टोकांची, कारण टोके मोजली तर संख्या एकाने वाढते. जपानी करवत ओढताना कापते, म्हणून तिचे पाते पातळ ठेवता येते आणि काप अरुंद पडतो. मात्र ज्या करवतीच्या दातांची टोके निळसर काळी दिसतात, ते दाते विजेच्या झटक्याने कठीण केलेले असतात आणि त्यांना कानशीने पुन्हा धार लावता येत नाही. अशी करवत घेताना तिच्यासाठी बदली पाते मिळते का, हे आधी पाहावे.

पटाश्यांचा संपूर्ण संच घेण्याचा मोह टाळावा, असे मी आग्रहाने सांगेन. पाव, अर्धा, पाऊण आणि एक इंच या चार रुंदींनी बहुतेक घरगुती फर्निचर उभे राहते आणि पाचवी पटाशी कोणती हे प्रत्यक्ष कामच सांगते.

यादी पक्की झाल्यावर किमतीचा हिशेब पूर्ण करावा. भारतात मागवणाऱ्याने छापील किमतीत कुरिअरचा खर्च, सीमाशुल्क आणि कर मिळवून, ज्या दराने बँक परकीय चलन आकारते त्या दराने अंतिम रक्कम काढावी आणि मग तीच रक्कम भारतात बनणाऱ्या बेली पद्धतीच्या रंध्याशी, तसेच जुन्या बाजारात मिळणाऱ्या रंध्याशी ताडून पाहावी. भारतीय किंवा जुन्या रंध्याचा तळ आणि फ्रॉग (ज्यावर पाते टेकते तो भाग) घासण्यात काही दिवस घालवण्याची तयारी असेल, तर केवळ चांगले पाते व चिपब्रेकर परदेशातून मागवणे हा उत्तम मध्यममार्ग आहे. वजन कमी असल्याने त्याचा वाहतुकीचा खर्चही कमी पडतो. तसे करताना पात्याची जाडी अवश्य पाहावी, कारण जाड पाते जुन्या रंध्याच्या अरुंद तोंडातून कधीकधी बाहेरच येत नाही आणि तोंड कानशीने रुंद करावे लागते. कोकणात राहणाऱ्यांनी पावसाळ्यातील गंजाचाही विचार करावा. काशाच्या अंगाचा रंधा गंजत नाही, पण पाते गंजतेच. म्हणून अंग कोणतेही असले तरी काम झाल्यावर पुसून तेलाचा हात फिरवणे चुकत नाही.

पार्सल आल्यावर खोका आणि वेष्टन जपून ठेवावे आणि हत्यार परत करण्याची मुदत संपण्यापूर्वी तपासणी उरकावी. रंध्यावरील गंजरोधक तेल पुसून पाते त्याच्या जागी कामाच्या वेळी असते तितके घट्ट बसवावे, मात्र धार तळाच्या आत ओढून ठेवावी, कारण पाते घट्ट केल्यावर पडणाऱ्या ताणाने तळ किंचित बदलतो आणि रिकाम्या रंध्याचे माप फसवे निघते. मग खात्रीची सरळपट्टी तळावर उभी धरून खालून फीलर गेज (फट मोजण्याच्या ठरावीक जाडीच्या पातळ पट्ट्या) सरकवून पाहावा. तळाचे पुढचे टोक, तोंडासमोरचा भाग आणि मागचे टोक हे तीन भाग एका पातळीत असणे आवश्यक आहे; त्यांच्या मध्ये थोडी खोली असली तरी कामात अडचण येत नाही. तोंडासमोरचाच भाग खोल गेला असेल, तर स्वतः घासत न बसता कंपनीला मापासह कळवावे, कारण एकदा तळावर घासकागद फिरवला की ते हत्यार परत घेतले जाण्याची शक्यता राहत नाही.