नळीवरच्या मुलाला तोंडाने खायला शिकवताना

नाकातून किंवा थेट पोटात घातलेल्या नळीने फीड, म्हणजे पातळ आहार, घेणाऱ्या मुलांच्या आईवडिलांचा मला पहिला प्रश्न असतो, "नळी कधी निघेल?" मी आधी विचारते, गिळणं तपासून झालंय का? खाताना खोकला येत असेल, आवाज ओलसर होत असेल, ओठ निळे पडत असतील किंवा न्यूमोनिया वारंवार होत असेल, तर चमचा खाली ठेवा आणि गिळण्याची एक्स-रे तपासणी, म्हणजे व्हिडिओफ्लुरोस्कोपी, करून घ्या. काही मुलांच्या श्वासनलिकेत अन्न जातं तरी खोकला येतच नाही. रिफ्लक्स (पोटातलं अन्न-आम्ल वर घशाकडे येणं), बद्धकोष्ठता, अ‍ॅलर्जी यांचाही आधी बंदोबस्त हवा, कारण खाल्लं की दुखत असेल तर मूल खाणार कसं?

आता नकाराकडे बघू. यातल्या बऱ्याच मुलांच्या तोंडाशी सुरुवातीच्या महिन्यांत नळ्या, सक्शन (नळीने स्राव ओढून काढणं) आणि उलट्याच आल्या. चमचा आला की मूल मान फिरवतं, तुम्ही चमचा मागे घेता, त्याला हायसं वाटतं. पुढच्या वेळी ते आणखी लवकर मान फिरवतं. यात तुमची चूक नाही, रडणाऱ्या लेकरापुढून चमचा कोणीही काढेल. पण शिकवायची सुरुवात इथूनच होते.

बसायची जागा एकच ठेवा. पाठ ताठ, पायाखाली आधार, टीव्ही बंद. वेळ दहा-पंधरा मिनिटं, त्याहून जास्त नको.

पहिले काही दिवस चमचा रिकामा. तो समोरून, ओठांच्या पातळीवर आणा, खालच्या ओठाला हलकेच लावा. मुलाने तो क्षणभर जरी लागू दिला, तरी लगेच "शाब्बास, चमचा लागू दिलास!" म्हणा आणि आवडतं खेळणं थोडा वेळ हातात द्या. उशिरा दिलेलं बक्षीस कशासाठी मिळालं ते त्याला कळत नाही. रिकामा चमचा तोंडात सहज जाऊ लागला की चमच्याचं टोक प्युरीत नुसतं बुडवा. मग पाव चमचा, मग अर्धा. एका वेळी एकच गोष्ट बदला: प्रमाण वाढवलं तर चव तीच ठेवा.

मान फिरवली तर रागावू नका, विनवण्याही करू नका. चेहरा शांत ठेवा, थोडं थांबा, आणि त्याला नक्की जमेल अशा सोप्या घासावर बैठक संपवा. ओकारीची उबळ आली तर घास लहान करा.

मूल घास घेईपर्यंत चमचा ओठांशीच धरून ठेवायचा, अशीही एक पद्धत आहे. ती अनेक मुलांच्या बाबतीत उपयोगी पडलेली आहे, पण सुरुवातीला रडणं आणि नकार वाढू शकतात. म्हणून ती प्रशिक्षित टीमच्या देखरेखीखालीच करायची. घरी एकट्याने नको, आणि जबरदस्तीने तोंड उघडणं तर कधीच नको.

तोंडात गेलेलं पोटात गेलंच असं समजू नका. अर्ध्या मिनिटाने "आ कर" म्हणून बघा. काही मुलं घास गालात धरून ठेवतात, आणि झोपायच्या आधी तोंड रिकामं असणं फार महत्त्वाचं. घेतला, थुंकला, गालात धरला, गिळला, एवढं वहीत लिहा. रोजच्या बदलाने मन वरखाली होतं, पण आठवड्याची पानं शेजारी ठेवली की काय चाललंय ते कळतं.

भुकेचा प्रश्न सगळ्यात अवघड. रात्रभर फीड चालू असेल तर सकाळी भूक कुठून लागणार? आहारतज्ज्ञ फीड दिवसा जेवणाच्या वेळांना आणतात आणि तोंडाने जेवढं जातं तेवढं नळीतून कमी करतात. वजन, पाणी आणि लघवी यांवर सतत लक्ष ठेवावं लागतं, म्हणून फीड स्वतःच्या मनाने कमी करू नका. सगळं जेवण तोंडाने सुरू झालं तरी पाणी आणि औषधांसाठी नळी काही काळ राहू शकते. एखाद्या आजारपणातही मुलाचं खाणं आणि वजन टिकलं की मग डॉक्टर ती काढायचा विषय काढतात.